कोरड्या गावाचा पाण्याचा नकाशा

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या आमच्या गावाकडे फायबरची एक बोट, तिला मागे बसवलेले पेट्रोलवरचे आउटबोर्ड इंजिन आणि ती वाहून नेणारा एका आसाचा ट्रेलर आहे. २०१९ च्या महापुरानंतर लोकवर्गणीतून ही सामग्री उभी राहिली. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे गेली तीही त्याच पुरात. त्यानंतर पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या अनेक गावांत बोट हवी हे सर्वांनाच पटले. पण बोट आल्यानंतर तिचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. आमच्या गावात ती जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा बोटीची खरी तयारी फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांतच करावी लागेल असे ठरवून आम्ही कामाला लागलो. ते काम कसे झाले, हे इतर गावांना उपयोगी पडावे म्हणून तपशिलाने लिहितो.

आमच्याकडे एका मासेमारी करणाऱ्या हौशी मित्राने दिलेला फिशफाइंडर होता. हे यंत्र मूळचे तलावात मासे शोधण्यासाठी केलेले आहे. बोटीच्या मागच्या फळीवर, पाण्यात बुडेल असा एक ट्रान्सड्यूसर बसवतात. तो पाण्यात ध्वनिलहरी सोडतो, त्या तळावर आपटून परत येतात आणि त्याला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली सांगते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, त्यामुळे हे सगळे क्षणार्धात होते. शिवाय यंत्रात जीपीएस असल्यामुळे प्रत्येक खोली कोणत्या जागेची आहे तेही नोंदले जाते, आणि बोट फिरेल तसतशा पडद्यावर समखोलीच्या रेषा उमटत जातात. गार्मिन, लॉरेन्स, हमिनबर्ड या कंपन्यांच्या अनेक यंत्रांत ही सोय आहे. परदेशातल्या हजारो तलावांचे तयार नकाशे या यंत्रांसाठी विकत मिळतात. आमच्या यंत्रात मात्र कृष्णेच्या जागी नुसती निळी पट्टी होती आणि गावाच्या जागी कोरी जमीन. नकाशा आपणच करायला हवा होता.

इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. असा साधा फिशफाइंडर बोटीच्या खाली काय आहे ते दाखवतो, पुढे काय आहे ते दाखवत नाही. तलावात मासे शोधणाऱ्याचे त्यामुळे काही अडत नाही. पुरात मात्र बोटीच्या पुढे दहा फुटांवर विहिरीचा कठडा, काटेरी तारेचे कुंपण किंवा पुलाचा सिमेंटचा खांब पाण्याखाली असेल, तर तो यंत्रावर दिसेपर्यंत इंजिनाचा पाण्यातला पंखा त्यावर आदळलेला असतो. त्यात पुराच्या पाण्यात गाळ, बुडबुडे आणि वाहून आलेला पाला इतका असतो की खोलीचा आकडाही भरवशाचा राहत नाही. म्हणून गाव कोरडे असतानाच प्रत्येक अडथळ्याची जागा यंत्रात भरून ठेवायची, आणि पुरात यंत्राचा उपयोग मुख्यतः नकाशा म्हणून करायचा, असे आम्ही ठरवले.

सुरुवात नदीपासून केली. तहसील कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला कल्पना देऊन फेब्रुवारीअखेर बोट पाण्यात घातली. या दिवसांत बंधाऱ्यामुळे पाणी थोपलेले आणि संथ असते. बोटीवर भोई गल्लीतले एक जुने नावाडी होते, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो. ताशी ८ ते १० किलोमीटरच्या वर न जाता, या काठावरून त्या काठावर आडव्या ओळी घेत आम्ही पुढे सरकत गेलो. वेग वाढला की ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे येतात आणि नोंद तुटते. दोनशे किलोहर्ट्झची अरुंद लहर ठेवली, कारण उथळ पाण्यात तीच बारकाईने दाखवते. बंधाऱ्यातून पाणी सोडले की पातळी बदलते, तेव्हा रोज काम सुरू करण्यापूर्वी जॅकवेलच्या (नदीकाठच्या पाणी उपसण्याच्या विहिरीच्या) भिंतीवर रंगवलेली पातळी वाचून तेवढा फरक यंत्रात भरत होतो. नाहीतर एकाच जागेच्या दोन दिवसांच्या खोल्या जुळल्या नसत्या.

तात्यांना हे यंत्र पहिल्या दिवशी फारसे पटले नव्हते. डोहाकडे जाताना ते म्हणाले, "तिथं पाणी वरनं गप दिसतंय, पर खाली वढ लय हाय. कातळाचा उंबरा हाय आडवा." आम्ही त्यांनी दाखवलेल्या रेषेवरून बोट नेली आणि पडद्यावर तळ एकदम वर चढून पुन्हा खाली गेला. यंत्राने तात्यांचे म्हणणे खरे केले, आणि तात्यांनीही यंत्र खरे मानले. पुढे मात्र यंत्राला न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यांनीच सांगितल्या: जुन्या घाटाच्या गाळात गेलेल्या पायऱ्या कुठवर आहेत, पाणबुडी मोटारींचे दोर आणि पाइप कोणत्या मळईतून, म्हणजे काठच्या गाळाच्या पट्ट्यातून, येतात, पूर चढताना ओढ्याच्या तोंडाशी पाणी उलटे कसे फिरते. ही माहिती आम्ही त्यांच्या शब्दांत वहीत उतरवून घेतली आणि तिच्या खुणा नकाशात टाकल्या. असा अनुभवी माणूस ज्या गावात आहे, त्या गावाने ट्रान्सड्यूसर घेण्याआधी त्याला बोटीत बसवावे, असे मला मनापासून वाटते.

आमच्या पट्ट्यात मगरी आहेत. भिलवडी, औदुंबरपासून डिग्रजपर्यंत त्या दिसतात, आणि थंडीच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या तोंडाला मळईवर ऊन घेत पडतात. त्यांच्या अंडी घालण्याचाही हाच काळ. त्यामुळे कोणीही काठाच्या पाण्यात पाय घालायचा नाही, अडकलेला पंखा सोडवायचा असेल तर इंजिन वर उचलून बोटीतूनच सोडवायचा, आणि मगर दिसेल त्या मळईला वळसा घालायचा, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

नदीचे काम संपल्यावर तोच फिशफाइंडर ट्रॅक्टरवर चढवला. बोटीची बारा व्होल्टची बॅटरी सीटमागे बांधली, ध्वनिलहरींनी खोली मोजणारा भाग (सोनार) बंद केला, कारण ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर चालू ठेवू नये, आणि फक्त जीपीएसचा माग चालू ठेवून गावातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक गल्ली आणि मळ्यांकडे जाणारी प्रत्येक पाणंद हळूहळू फिरलो. हे माग म्हणजेच पुरातले जलमार्ग. उभ्या उसात बोट घालता येत नाही. पाला आणि वाढे पंख्याला गुंडाळले जातात आणि बांधावरची तार दिसत नाही. रस्त्यावरून गेले तर निदान खाली काय आहे हे माहीत असते. मोकळ्यावर जीपीएसची चूक साधारण तीन ते पाच मीटरच्या आत राहते. उंच घरांच्या बोळात ती वाढते, म्हणून तिथल्या खुणा नेमक्या जागेच्या न मानता केवळ सावधगिरीच्या मानायच्या, असे बोट चालवणाऱ्या सर्वांना शिकवले आहे.

खुणा टाकताना प्रत्येक खुणेबरोबर तिची उंची हवी होती, आणि या कामात गावातले गवंडी उपयोगी पडले. ग्रामपंचायतीपुढच्या चौकातली जमीन शून्य धरली. शाळेच्या चौकाकडच्या खांबावर त्या शून्यापासून वर फुटांच्या पट्ट्या ठळक रंगात रंगवल्या, अशा रीतीने की बोटीतून लांबूनही वाचता याव्यात. सांगलीच्या पुलावरचा आकडा बातम्यांत कळतो, पण नदीचे पाणी पुरात सपाट नसते, त्याला उतार असतो. तेव्हा तिथला आकडा हा आमच्यासाठी इशारा आहे, मोजमाप नव्हे. मोजमाप गावातच हवे. शाळेच्या खांबावर २०१९ च्या पाण्याची रेघ ११ फुटांवर येते. चौकातला शून्य गवंड्यांनी पारदर्शक लेव्हल पाइपने गल्लोगल्ली पुढे नेला. घर बांधताना पायाची पातळी ज्या नळीने काढतात तीच ही नळी, आणि आमच्या कामाला तेवढा नेमकेपणा पुरेसा होता.

विजेच्या तारांनी आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावला. कमी दाबाची तार रस्त्याकडेने जाताना जमिनीपासून किमान ५.५ मीटर, आणि रस्ता ओलांडताना ५.८ मीटर उंच असावी, असा नियम आहे. एरवी १८ फुटांवरची तार कोणाच्या लक्षातही येत नाही. पाझर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या अशाच एका तारेचा हिशेब सांगतो. तिथला रस्ता चौकापेक्षा एक फूट खाली आहे, म्हणजे शाळेच्या पट्टीच्या हिशेबाने तार १७ फुटांवर येते. २०१९ ची पातळी ११ फूट. म्हणजे त्या पुरात पाण्यापासून तार अवघी सहा फूट वर होती, आणि बोटीत उभा राहिलेला माणूस त्याहून उंच होतो. बोटीत हात वर केलेल्या माणसासाठी आठ फूट आणि वर दोन फूट मोकळे, असे दहा फूट आम्ही धरले. सतरातून दहा गेले की सात उरतात. त्या तारेची खूण यंत्रात "तार ७" अशी आहे. शाळेच्या पट्टीवर पाणी सात फुटांना लागले की त्या तारेखालून जायचे नाही, मग वीज बंद असल्याचे कोणी कितीही सांगो. याच पद्धतीने "विहीर ३" म्हणजे तीन फुटांना कठडा बुडणारी विहीर. नाव वाचले की काय करायचे ते कळते, रात्रीच्या पावसात कोणाला गणित करावे लागत नाही.

तारांची उंची मोजायला काठी लावण्याचा प्रश्नच नव्हता. तार जिथे सर्वांत जास्त झोलावलेली असते, त्याच्या बरोबर खाली दगड ठेवायचा, मग तारेशी काटकोनात मागे सरत मोबाइलच्या कोनमापकात ४५ अंश येईपर्यंत जायचे, आणि दगडापर्यंतच्या अंतरात आपल्या डोळ्याची उंची मिळवायची. शाळेतल्या दहावीच्या मुलांनी हे काम अतिशय मनापासून केले, आणि त्यांनी काढलेल्या उंचीची वायरमनकडून खात्री करून घेतली.

या सगळ्या कामात ट्रेलरकडे दुर्लक्ष होणे सोपे असते, कारण तो नुसता उभा दिसतो. खरे तर ट्रेलर उभा राहूनच खराब होतो. आमचा ट्रेलर ट्रॅक्टरला किंवा जीपला जोडता येतो. मार्चमध्ये त्याची दोन्ही चाके उतरवून हब, म्हणजे चाकांच्या मधले बेअरिंग असलेले भाग, उघडले. बोट उतरवताना चाके पाण्यात जातात. रस्त्याने धावून तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ते पाणी ग्रीसमध्ये मिसळले की ग्रीस दुधाळ होते आणि बेअरिंगला गंज धरतो. एका बाजूचे ग्रीस तसेच झाले होते. बेअरिंग डिझेलने धुऊन, कोरडी करून, रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग आहेत का ते उजेडात पाहिले. त्या बाजूची बेअरिंग बदलली, दुसऱ्या बाजूला नवे ग्रीस रोलरांच्या मधल्या फटींतून दाबून भरले, दोन्हीकडे नवे ऑइल सील आणि नवी स्प्लिट पिन घातली. नट आधी घट्ट आवळून मग किंचित मागे फिरवायचा, चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हलवून पाहिले तर खडखडता कामा नये. पुराच्या काळात घाई असली तरी बोट उतरवण्यापूर्वी हब गार होऊ द्यायला थोडा वेळ थांबावे. बेअरिंग रस्त्यात जाम होऊन अडकण्यापेक्षा ते फार परवडते.

टायरांची झीज नक्षीवरून कळत नाही. ट्रेलर फारसा धावत नाही, नक्षी नवीच राहते, पण उन्हाने टायरच्या बाजूला बारीक चिरा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तो पाहून जुने टायर आम्ही चिरा मोठ्या होण्याची वाट न पाहता बदलले. आता ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर उचललेला असतो, चाकांवर भार नसतो आणि टायरांवर गोणपाट टाकलेले असते. स्प्रिंगचे पाटे, यू-बोल्ट आणि वेल्डिंगचे सांधे तारेच्या ब्रशने घासून तपासले, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड लावून रंग दिला. बोट ट्रेलरवर अशी बसवली की एकूण वजनाचा साधारण सात ते दहा टक्के भार पुढच्या हुकावर येईल. भार त्याहून कमी असला की वेगात ट्रेलर मागून शेपूट हलवू लागतो. बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या विंचचा पट्टा नवा घेतला, आणि मागच्या दिव्यांची अर्थिंगची तार आसाऐवजी थेट जोडणीपर्यंत नेली, कारण दिवे मिणमिणण्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते.

इंजिनाचे काम त्या मानाने ठरलेले असते. गिअर ऑइल काढून पाहिले, ते स्वच्छ निघाले. पंखा काढून दांड्यावर गुंडाळलेला नायलॉनच्या जाळ्याचा धागा कापला. हा धागा सील कापत आत जातो आणि बाहेरून दिसतही नाही. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर उभ्या-उभ्या कडक होतो, तो बदलला. इंजिन कधीही कोरडे चालवले नाही, पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवूनच सुरू केले आणि मागून पाण्याची धार नीट पडते ना ते पाहिले. पेट्रोलबद्दल मात्र काळजी घ्यावी लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, जे आपल्याच उसापासूनही तयार होते. पण इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढते आणि टाकीत महिनोन्महिने राहिले तर पाणी धरून खाली बसते. म्हणून टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे ठेवतो, दर महिन्याला थोडे ताजे पेट्रोल घालून इंजिन चालवतो, आणि जूनपासून ताजा साठा ठेवून तो वेळोवेळी बदलतो. लाइफ जॅकेट शेडमध्ये रचून न ठेवता दोरीवर टांगली आहेत, उंदरांनी दोन हंगामांत दिलेल्या त्रासानंतर जाळीच्या कपाटात.

नकाशा आणि ट्रेलर यांचा संबंध मेमध्ये लक्षात आला, आणि या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. कोरड्या दिवसांत बोट घाटावर उतरते. पूर चढला की घाट पाण्याखाली जातो, आणि बोट उतरवायची जागा पाण्याबरोबर गावात सरकत येते. शाळेच्या पट्टीवर तीन फूट असताना पाण्याची कड कोणत्या रस्त्यावर असेल, सहाला कुठे, नऊला कुठे, हे पातळीवरून काढले आणि त्या प्रत्येक ठिकाणी ट्रॅक्टर ट्रेलरसह वळू शकतो का, ते प्रत्यक्ष ट्रेलर नेऊन पाहिले. सहा फुटांच्या जागी रस्ता अरुंद निघाला. तिथे ट्रेलर उलटा ढकलत नेण्याखेरीज मार्ग नव्हता. शेजारच्या शेतकऱ्याने बांध मागे घेऊन वळायला जागा करून दिली. आता या उतरण्याच्या जागाही नकाशावर आहेत, आणि शेड २०१९ च्या रेघेच्या बऱ्याच वर, गायरानाच्या कडेला हलवली आहे.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात पाणी पात्राबाहेर आले. ते चौकापर्यंत चढले नाही, पण मळ्यातल्या वस्त्यांचा रस्ता तुटला. पूर्वी अशा वेळी आमच्याकडे लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ आटवण्याच्या मोठ्या कढईत, बसून पाणी ओलांडत, ती काहील आता कोणी काढली नाही. संध्याकाळी बोट गेली, म्हातारी माणसे आणि एक बाळंतीण घेऊन अंधारात परतली, आणि परतताना चालकाने जाताना नोंदलेला मागच धरला. खोलीचा आकडा अपेक्षेप्रमाणे सतत उड्या मारत होता. नकाशावरची पाणंद आणि प्रत्यक्षातले बाभळीचे शेंडे मात्र जुळत होते. बसण्याच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचा नाही आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणी बसायचे नाही, हा नियम त्या फेऱ्यांत काहींना कठोर वाटला. मी तो बदलणार नाही.

पाणी ओसरल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यात चालवून धुतले, ट्रेलरचे हब पुन्हा उघडले आणि आत गेलेला गाळ काढला. घाटाजवळ गाळ साचून तळ बदलला होता, म्हणून तेवढ्या पट्ट्याच्या आडव्या ओळी पुन्हा घेतल्या. नकाशाचे मेमरी कार्ड दोन प्रतींत आहे, एक यंत्रात आणि एक ग्रामपंचायतीच्या कपाटात, आणि खुणांची यादी कागदावर छापून शेडच्या दारामागे लावली आहे, कारण यंत्र बंद पडले तरी "तार ७" कोणती ते वाचता आले पाहिजे. येत्या फेब्रुवारीत नव्या वस्तीकडच्या पाणंदीचा माग घ्यायचा आहे. तिथे वर्षभरात दोन नवे डीपी (विजेचे ट्रान्सफॉर्मर) बसले आहेत आणि त्यांची उंची अजून मोजायची आहे.